एडवर्ड मेरिक

एडवर्ड मेरिक (२५ नोव्हेंबर, १८५४:रॅम्सबरी, विल्टशायर, इंग्लंड - ३१ मार्च, १९३८:मार्लबरो, विल्टशायर, इंग्लंड) हे इंग्रज शाळाशिक्षक व हौशी कीटकशास्त्रज्ञ होते. ग्रीक व लॅटिन या भाषांचे अध्यापन हा त्यांचा व्यवसाय होता. सूक्ष्मपतंगांचे, म्हणजे पतंगांपैकी अतिशय लहान आकाराच्या कुलांचे, वर्गीकरण हा त्यांचा आयुष्यभराचा व्यासंग होता. जगाच्या सर्व खंडांतून आलेल्या चौदा हजारांहून अधिक पतंगजातींचे पहिले शास्त्रीय वर्णन त्यांनी केले. त्यांत पाने पोखरणाऱ्या पतंगांचा वाटा मोठा आहे. कोकणातील काजू व आंब्याची पालवी पोखरणारी अळी आणि टोमॅटोवरील कुप्रसिद्ध नागअळी या दोन्हींना मेरिक यांनीच प्रथम शास्त्रीय नाव दिले. आधुनिक सूक्ष्मपतंगशास्त्राच्या प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते.

जन्म व शिक्षण

मेरिक यांचा जन्म इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील केनेट नदीकाठच्या रॅम्सबरी या गावी झाला. त्यांचे वडील धर्मोपदेशक होते आणि त्यांचेही नाव एडवर्ड मेरिक असेच होते. शालेय शिक्षण जवळच्या मार्लबरो कॉलेज या निवासी शाळेत झाल्यावर ते केंब्रिज विद्यापीठाच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांनी अभिजात भाषांचा अभ्यास केला. कीटकशास्त्राचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. १८७५ साली, वयाच्या विसाव्या-एकविसाव्या वर्षीच, सूक्ष्मपतंगांविषयीची त्यांची टिपणे प्रसिद्ध होऊ लागली.

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड

डिसेंबर १८७७ मध्ये न्यू साउथ वेल्समधील पॅरामॅटा येथील किंग्ज स्कूलमध्ये मेरिक यांना शिक्षकाची जागा मिळाली. १८८६ अखेरपर्यंत त्यांचे वास्तव्य ऑस्ट्रेलेशियात होते. तोपर्यंत तेथील मोठ्या व रंगीत फुलपाखरांकडे संग्राहकांचे लक्ष गेले होते. परंतु पंखांचा विस्तार जेमतेम काही मिलिमीटर असलेल्या पतंगांकडे फारसे कोणी वळले नव्हते. इंग्लंडमध्ये शतकभराच्या अभ्यासानंतर एखादी नवी जाती सापडणे दुर्मीळ झाले असताना या भूमीत संध्याकाळच्या एका फेरीतही अनामिक पतंग हाती लागत असत.

न्यू साउथ वेल्सच्या लिनिअन सोसायटीच्या वृत्तान्तात ऑस्ट्रेलियन सूक्ष्मपतंगांच्या वर्णनांची दीर्घ लेखमाला त्यांनी सुरू केली. निलगिरीच्या गळून पडलेल्या वाळक्या पानांवर उपजीविका करणाऱ्या पतंगांचे वैपुल्य हे ऑस्ट्रेलियाचे वैशिष्ट्य आहे. या गटाचा पहिला विस्तृत परिचय जगाला मेरिक यांच्या लेखांतून झाला. न्यूझीलंडला जाऊन त्यांनी तेथील पतंगही जमवले. केवळ त्याच देशात आढळणाऱ्या निसार्किया या अतिप्राचीन लक्षणांच्या पतंगवंशाची स्थापना त्यांनी १८८५ साली केली. पतंगांच्या उत्क्रांतीचा विचार करताना हा वंश आजही महत्त्वाचा ठरतो. पुढे इंग्लंडला परतल्यावरही न्यूझीलंडमधील जॉर्ज व्हर्नन हडसन व आल्फ्रेड फिलपॉट या अभ्यासकांशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू राहिला.

मार्लबरो येथील अध्यापन

१८८७ साली मेरिक आपल्या जुन्या शाळेत, मार्लबरो कॉलेजात, अभिजात भाषांचे शिक्षक म्हणून रुजू झाले. १९१४ साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे, ते तेथेच होते. शाळेच्या निसर्ग-इतिहास मंडळाच्या कामात त्यांचा पुढाकार असे. दिवसा ग्रीक व लॅटिनचे वर्ग आणि उरलेल्या वेळात पतंग, असा त्यांचा क्रम होता. विद्यापीठ, संग्रहालय अथवा सरकारी खाते यांपैकी कशाचेही वेतन त्यांना या संशोधनासाठी मिळत नव्हते. असे असूनही १९०४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व दिले. शाळाशिक्षकाला हा मान मिळण्याची उदाहरणे थोडीच आहेत.

१८९५ साली त्यांचा ब्रिटिश पतंग व फुलपाखरे यांवरील हस्तग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याची सुधारलेली आवृत्ती १९२८ साली निघाली. या ग्रंथात प्रत्येक कुल व वंश ओळखण्यासाठी लक्षणांच्या तालिका दिलेल्या आहेत. त्यातील मांडणी त्या काळच्या वाचकांना अपरिचित होती. फुलपाखरे हा पतंगांपासून वेगळा व श्रेष्ठ गट मानून ती पहिल्या पानावर देण्याची प्रथा होती. मेरिक यांनी ती मोडली आणि फुलपाखरांना पतंगांच्या इतर गटांच्या मधोमध जागा दिली. चावण्याचे जबडे अद्याप शाबूत असलेल्या आदिम पतंगांना त्यांनी अखेरचे स्थान दिले. सजीवांची मांडणी त्यांच्या परस्परांतील नात्यावरून, म्हणजे उत्क्रांतीच्या वंशवृक्षावरून व्हावी, ही त्यामागील भूमिका होती.

पाने पोखरणारे पतंग

पानाचा वरचा व खालचा पापुद्रा यांच्यामध्ये हिरवा गर असतो. काही पतंगांच्या अळ्या अंड्यातून बाहेर पडताच पानात शिरतात आणि दोन्ही पापुद्रे शाबूत ठेवून हा गर खातात. त्यांच्या मार्गाची पांढुरकी खूण पानावर उमटते. खूण नागमोडी रेघेसारखी असेल किंवा फोडासारख्या पसरट डागाची असेल. तिच्यात अळीच्या विष्ठेची काळी रेषाही दिसते. नागमोडी रेघेमुळेच मराठी शेतकरी या अळ्यांना नागअळी म्हणतात. काही माश्यांच्या अळ्याही अशाच रेघा काढतात आणि व्यवहारात त्यांनाही हेच नाव आहे.

ग्रॅसिलॅरिइडी हे पाने पोखरणाऱ्या पतंगांचे एक मोठे कुल आहे. त्यातील अळीचे रूप वाढीच्या काळात पालटते. आरंभी ती चपटी असते व पात्यासारख्या जबड्यांनी पेशी कापून त्यांतील रस शोषते. नंतर तिचे शरीर गोलसर होते व ती गर कुरतडू लागते. पूर्ण वाढलेल्या पतंगाचे पंख अरुंद असून त्यांच्या कडांना लांब केसांची झालर असते. असा पतंग पंख मिटून बसला की गवताच्या काडीचा तुकडा वाटतो.

या गटात खाद्यवनस्पतीला विशेष महत्त्व आहे. पान पोखरणारी अळी सहसा एखाद्याच वनस्पतीवर किंवा तिच्या निकटच्या नातलगांवर वाढते. त्यामुळे झाड कोणते आणि पानावरील खूण कोणत्या आकाराची, एवढ्यावरूनही जाणकाराला जातीचा अंदाज बांधता येतो. याउलट दिव्याकडे आलेला पतंग पकडून टाचणीला लावला, तर त्याची अळी कोणत्या झाडावर वाढली हे त्या नमुन्यावरून कळण्याचा मार्ग राहत नाही. मेरिक यांच्याकडे येणाऱ्या नमुन्यांपैकी पुष्कळ नमुने या दुसऱ्या प्रकारचे होते. या कुलाच्या त्या वेळी ज्ञात असलेल्या सर्व वंशांचा व जातींचा आढावा त्यांनी १९१२ साली दोन आंतरराष्ट्रीय सूचिग्रंथमालांसाठी लिहिला.

वर्गीकरणाची पद्धत

पतंगाचे परीक्षण मेरिक साध्या हातभिंगाने करत. पंखांतील शिरांची रचना, मुखाजवळील स्पर्शकांचा आकार, मस्तकावरील खवले व शृंगिकांची ठेवण ही लक्षणे ते प्रमाण मानत. त्यांची वर्णने आटोपशीर व एकाच साच्यातील असत: पंखविस्तार मिलिमीटरमध्ये, मग मस्तक, वक्ष व उदर, पुढे पंखांवरील प्रत्येक पट्टा व ठिपका यांची जागा व रंग, आणि शेवटी ठिकाण, महिना व संग्राहकाचे नाव. खाद्यवनस्पती ठाऊक असेल तर तिचीही नोंद होई. भाषाशिक्षकाच्या शब्दसंग्रहाचा लाभ त्यांना दोन प्रकारे झाला. रंगछटांमधील सूक्ष्म भेद ते नेमकेपणाने सांगू शकले, आणि हजारो जातींसाठी ग्रीक धातूंपासून नवी नावे घडवताना त्यांना शब्दांची उणीव भासली नाही.

१९१२ सालापासून त्यांनी परदेशी सूक्ष्मपतंगांची नवी वर्णने देण्यासाठी एक्झॉटिक मायक्रोलेपिडोप्टेरा ही मालिका सुरू केली. ती ते स्वतःच प्रकाशित करत. १९३७ पर्यंत तिचे चार खंड पूर्ण झाले आणि पाचव्याचा आरंभ झाला. सुमारे साठ वर्षांच्या लेखनकाळाचा विचार करता त्यांनी वर्षाला सरासरी दोनशेहून अधिक जातींची वर्णने लिहिली, असा हिशेब होतो.

भारतीय पतंगांवरील कार्य

भारतीय सूक्ष्मपतंगांवरील मेरिक यांचे महत्त्वाचे लेखन मुंबईतून प्रसिद्ध झाले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९०५ पासून भारतीय सूक्ष्मपतंगांच्या वर्णनांची त्यांची लेखमाला येऊ लागली. नमुने त्यांच्याकडे टपालाने येत. ते पाठवणाऱ्यांत वनाधिकारी, कृषी अधिकारी व हौशी संग्राहक होते. त्या काळी मुंबई इलाख्यात असलेल्या उत्तर कानडा जिल्ह्यातूनही त्यांना नमुने मिळत.

बिहारमधील पुसा येथे १९०५ साली स्थापन झालेल्या कृषी संशोधन संस्थेशी त्यांचा संबंध विशेष फलदायी ठरला. तेथील कीटकशास्त्रज्ञ टॉमस बेनब्रिग फ्लेचर हे स्वतः सूक्ष्मपतंगांचे अभ्यासक होते. अळी लागलेली पाने संस्थेत आणून अळ्या वाढवायच्या, बाहेर पडलेले पतंग टाचायचे, प्रत्येकाच्या खाद्यवनस्पतीची नोंद ठेवायची आणि नमुने मार्लबरोला पाठवायचे, अशी पद्धत होती. नाव मेरिक देत आणि जीवनक्रम पुसा येथे नोंदला जाई. या नोंदी फ्लेचर यांनी १९२० व १९२१ साली भारतीय सूक्ष्मपतंगांच्या जीवनक्रमांवरील ग्रंथात एकत्र केल्या. पतंगाचे वर्णन व त्याची खाद्यवनस्पती या दोन अर्धवट माहितींची सांगड येथे बसली. भारतीय शेतीला मेरिक यांच्या कामाचा प्रत्यक्ष उपयोग झाला तो या सहकार्यामुळे.

१९१४ साली मेरिक यांनी ॲक्रोसर्कॉप्स सिनग्रामा या जातीचे वर्णन केले. तिची अळी आंब्याच्या व काजूच्या कोवळ्या पानांवर फिकट, फोडासारखे डाग पाडते. पान जून झाल्यावर डागाचा भाग वाळून गळतो व तेथे भोक राहते. आंबा हा या भूमीतील जुना वृक्ष आहे, तर काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणला. दोन्ही झाडे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच, आम्र कुलातील आहेत. एकाच अळीला दोन्हींची पालवी चालते, यात म्हणूनच नवल नाही. कोकण, गोवा व केरळ येथील काजूबागांत ही कीड सुपरिचित आहे. १९८८ साली जपानी अभ्यासकांनी इटिओरिक्टिस हा नवा वंश स्थापन केल्यानंतर ही जाती त्या वंशात गणली जाते.

समानार्थी नावे व टीका

एकाच जातीला दोघांनी निरनिराळी नावे दिली, तर नियमानुसार सामान्यतः आधीचे नाव ग्राह्य धरले जाते व नंतरचे समानार्थी ठरते. मेरिक यांची काही नावे अशी बाद झाली. नारळाच्या झावळ्या खाणाऱ्या काळ्या डोक्याच्या अळीच्या पतंगाला त्यांनी १९०५ साली नेफँटिस सेरिनोपा असे नाव दिले होते. भारतातील शेतीविषयक पुस्तकांत ते अनेक दशके चालत आले. पुढे हाच पतंग फ्रान्सिस वॉकर यांनी १८६४ सालीच ओपिसिना ॲरेनोसेला या नावाने वर्णिला असल्याचे स्पष्ट झाले आणि ते जुने नाव रूढ झाले. भुईमुगाची पाने पोखरणारी व गुंडाळणारी अळी हे दुसरे उदाहरण होय. ती सोयाबीनवरही येते. आफ्रिकेतील नमुन्यांवरून झेलर यांनी १८५२ मध्ये, जावातील नमुन्यांवरून डेव्हेंटर यांनी १९०४ मध्ये आणि मेरिक यांनी १९०६ मध्ये वर्णिलेले पतंग आता एकाच जातीचे मानले जातात. अशा वेळी एका देशात झालेले संशोधन दुसऱ्या देशातील कृषी अधिकाऱ्याला सापडत नाही, कारण तो ते दुसऱ्याच नावाखाली शोधत असतो.

मेरिक यांच्यावरील मुख्य आक्षेप त्यांच्या साधनांविषयी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पतंगांच्या जननेंद्रियांची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी हा जाती ओळखण्याचा भरवशाचा मार्ग ठरू लागला होता. बाहेरून सारखे दिसणारे दोन पतंग या अवयवांच्या कठीण भागांच्या रचनेवरून वेगळे ओळखता येतात. मेरिक यांनी ही पद्धत स्वीकारली नाही आणि ते अखेरपर्यंत भिंगाने दिसणाऱ्या लक्षणांवरच विसंबले. त्यांच्या बहुसंख्य वर्णनांसोबत चित्रेही नव्हती. त्यामुळे नंतरच्या अभ्यासकांना केवळ शब्दांवरून त्यांची जाती ओळखणे अनेकदा अशक्य होई आणि मूळ नमुना पाहण्यासाठी लंडन गाठावे लागे.

ही अडचण दूर करण्याचे काम अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ जॉन फ्रेडरिक गेट्स क्लार्क यांनी केले. मेरिक यांच्या मूळ नमुन्यांची छायाचित्रे व जननेंद्रियांच्या रचनेची चित्रे देणारी त्यांची सूची ब्रिटिश संग्रहालयाने १९५५ ते १९७० या काळात आठ खंडांत प्रसिद्ध केली. मेरिक यांच्या नावांचा खरा उपयोग जगभरच्या अभ्यासकांना करता येऊ लागला तो या सूचीनंतर. एका माणसाने घाईने केलेल्या कामाची फेड दुसऱ्याला अनेक वर्षे करावी लागली, असे याविषयी म्हणता येईल. मात्र ती करता आली याचे कारण मेरिक यांनी आपले नमुने ठिकाण, तारीख व संग्राहक यांच्या चिठ्ठ्यांसह नीट जतन केले होते.

टोमॅटोवरील नागअळी

पेरू देशातील वान्कायो हे गाव अँडीज पर्वतात समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वातीन हजार मीटर उंचीवर आहे. तेथून आलेल्या एका करड्या, ठिपकेदार पतंगाचे वर्णन मेरिक यांनी १९१७ साली केले व त्याला थोरिमिया ॲब्सोल्युटा हे नाव दिले. त्याची अळी काय खाते याविषयी त्यांना माहिती मिळालेली नव्हती. पुढे कित्येक वर्षे हे नाव केवळ सूचीत राहिले. १९६० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतील टोमॅटोच्या शेतांत ही अळी मोठ्या प्रमाणावर दिसू लागली. ती टोमॅटोची पाने, खोड व फळे पोखरते. योग्य उपाय न झाल्यास जवळजवळ संपूर्ण पीक हातचे जाऊ शकते.

२००६ च्या अखेरीस हा पतंग स्पेनमध्ये आढळला. तेथून भूमध्य समुद्राभोवतीचे देश, आफ्रिका व पश्चिम आशिया असा त्याचा वेगाने प्रसार झाला. २०१४ साली त्याची भारतातील पहिली नोंद झाली, ती महाराष्ट्रात पुणे परिसरात आणि कर्नाटकात. शेतकऱ्यांमध्ये तो टुटा या नावाने ओळखला जातो. टोमॅटोवर माशीची नागअळी आधीपासून होतीच. पानावरची खूण पाहून ही नवी कीड तीच असल्याचा गैरसमज होण्याचा संभव होता. अळी माशीची आहे की पतंगाची, यावर पुढील उपाय अवलंबून असतात. नर पतंगांना आकर्षून घेणारे गंधसापळे ठरावीक जातीपुरतेच उपयोगी पडत असल्याने जातीची नेमकी ओळख पटणे ही नियंत्रणाची पहिली पायरी आहे.

या जातीच्या वंशनामाचा प्रवासही उल्लेखनीय आहे. १९६२ नंतर निरनिराळ्या अभ्यासकांनी ती नोरिमोस्केमा, स्क्रोबिपाल्प्युला व स्क्रोबिपाल्प्युलॉइडिस या वंशांत ठेवली आणि १९९४ साली ती टुटा या वंशात गेली. शास्त्रीय लेखनाच्या नियमानुसार जातीचा वंश बदलला की मूळ वर्णनकर्त्याचे नाव कंसात लिहितात. त्यामुळे या पतंगाच्या नावापुढे मेरिक हे नाव बराच काळ कंसात येत राहिले. शरीररचनेच्या फेरतपासणीनंतर २०२१ साली ही जाती पुन्हा थोरिमिया वंशात गणली गेली. १९१७ साली भिंगाने पाहून ठरवलेला वंश एकशे चार वर्षांनी मान्य झाला आणि मेरिक यांच्या नावाभोवतीचा कंस गेला.

अखेरची वर्षे व संग्रह

निवृत्तीनंतर मेरिक मार्लबरो येथेच राहिले. शिक्षकी संपल्यावरची चोवीस वर्षे त्यांनी पतंगांच्या वर्णनाला दिली. त्यांच्या लेखांची संख्या चारशेहून अधिक आहे. ३१ मार्च, १९३८ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, मार्लबरो येथे त्यांचे निधन झाले. एक लाखाहून अधिक नमुन्यांचा त्यांचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

हा संग्रह अद्याप वापरात आहे. भारतात एखाद्या झाडाच्या पानावर नवी नागमोडी रेघ आढळली व तिच्यातून पतंग बाहेर पडला, तर तो खरोखर नवा आहे की मेरिक यांनी पूर्वीच वर्णिलेला आहे, हे प्रथम पाहावे लागते. त्यांनी नाव दिलेल्या कित्येक भारतीय जातींची खाद्यवनस्पती अजूनही नोंदलेली नाही. ती शोधून काढण्यासाठी अळी लागलेले पान, काचेची बरणी आणि रोजची नोंद एवढीच साधने पुरतात. पुसा येथे हे काम याच साधनांनी सुरू झाले होते.